बायपासनंतर वजन किती उतरते, किती टिकते

जठराच्या बायपास शस्त्रक्रियेविषयी सर्वांत जास्त फिरणारा आकडा म्हणजे ‘सत्तर टक्के’. सत्तर टक्के वजन कमी होते, असे जाहिरातीत असते, व्हॉट्सॲपवर असते, ऑपरेशन करून आलेल्या पाहुण्याच्या तोंडीही असते. शंभर किलोचा माणूस तीस किलोचा होईल असे कोणी धरत नाही. पण मनात साठचा आकडा पक्का बसतो, आणि वर्षभराने काटा बहात्तरवर थांबला की शस्त्रक्रिया फसली असे वाटू लागते. ती फसलेली नसते. ते सत्तर टक्के एकूण वजनाचे नसून जादा वजनाचे असतात, आणि हा फरक समजावून सांगायला तपासणीच्या खोलीत कोणाला पाच मिनिटे मिळालेली नसतात. ‘वजन कितलं कमी व्हई?’ या साध्या प्रश्नाला नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या माणसाला सरळ उत्तर मिळावे, यासाठी हा आढावा.

नंदुरबारमध्ये लठ्ठपणावर लिहिणे काहींना खटकेल. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बातम्यांत येतो तो कुपोषणासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्याच पाहणीत महाराष्ट्रातले साधारण एक चतुर्थांश प्रौढ स्त्री-पुरुष जास्त वजनाचे होते. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. अक्राणीच्या डोंगरातला पाडा आणि शहाद्याची बाजारपेठ एकाच जिल्ह्यात आहेत, आणि बालपणी उपाशी राहिलेले शरीर पुढे खुर्चीवरच्या नोकरीला लागले की चरबी साठवण्यात पटाईत निघते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम नेमके यावर आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर सारखे दिसणारे दोघे आतून वेगळे. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० वर न ठेवता बीएमआय २५ वर आणली गेली, आणि शस्त्रक्रियेचा विचारही आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा कमी बीएमआयला सुरू होतो. ३५ च्या पुढे कोणताही आजार नसला तरी, आणि त्याखाली मधुमेहासारखा आजार आटोक्यात येत नसेल तर. चाळिशीतल्या शिक्षकाचे पोट सुटलेले आणि साखर तीनशेवर असेल, तर तो दिसायला ‘थोडा जाड’ असला तरी त्याची गोष्ट गंभीर असते.

शस्त्रक्रिया नेमकी काय आहे, तेही सांगितले पाहिजे, कारण पोटावरची चरबी काढण्याच्या ऑपरेशनशी तिची सर्रास गल्लत होते. यात चरबीला हातही लागत नाही. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे पोह्याच्या दोन चमच्यांएवढी, पिशवी वेगळी केली जाते. लहान आतडे कापून त्याचा खालचा भाग वर आणून त्या पिशवीला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग शरीरातच राहतो, मात्र अन्न तिकडून जात नाही. त्या भागातला पाचकरस पुढे जाऊन अन्नाला भेटतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात ही वाट काढली. दुर्बिणीतून ती करणे १९९० च्या दशकात सुरू झाले. भारतात आज ‘मिनी बायपास’ही खूप होतो. त्यात आतड्याचा एकच जोड असतो. वजन मुख्यतः पिशवी लहान झाल्यामुळेच उतरते असे लोक समजतात. प्रत्यक्षात अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचल्यामुळे भूक-तृप्तीची संप्रेरके बदलतात, आणि भूकच मंदावते. याचा अर्थ असा की, यश केवळ मनोनिग्रहाचे नसते आणि अपयशही केवळ रुग्णाच्या चुकीचे नसते.

आता मुख्य प्रश्न. जगभर बायपासच्या रुग्णांना वर्षानुवर्षे मोजले गेले आहे, आणि सगळीकडचे आकडे विलक्षण जवळ येतात. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांच्या एका मोठ्या अभ्यासात सात वर्षांनी सरासरी घट मूळ वजनाच्या २८.४ टक्के होती. युटा राज्यातल्या अभ्यासात दोन वर्षांनी ४५ किलो उतरले होते, बारा वर्षांनी त्यातले ३५ किलो टिकले. टक्केवारीत सुमारे २७. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या पाहणीत बायपासच्या गटाची घट पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के, दहाव्या वर्षी २५ टक्के. तो गट छोटा होता, पण दिशा तीच. थोडक्यात, एक ते दोन वर्षांत तीस ते पस्तीस टक्के, मग थोडे वजन परत, आणि दशकभराने पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास. वर्षभरानंतरचे भारतीय आकडेही याच पट्ट्यात बसतात. दहा वर्षे रुग्णांचा माग ठेवलेली कामे मात्र आपल्याकडे थोडीच आहेत.

पण सरासरीमागे माणसे लपतात. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास मला यासाठी सर्वांत उपयोगी वाटतो. दहा वर्षांनी त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ७२ जणांनी मूळ वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त घट राखली होती, सुमारे ४० जणांनी तीस टक्क्यांहून जास्त. जवळजवळ मूळ वजनाला परत गेलेले शंभरात साडेतीनच. म्हणजे ‘सगळे वजन परत येतेच’ ही अफवा जितकी खोटी, तितकेच ‘मी निम्मा होणार’ हे स्वप्नही. वय जास्त असेल, इन्सुलिन चालू असेल, तर घट सरासरीपेक्षा थोडी कमी राहते, हेही आधीच कळलेले बरे.

एक हिशेब कागदावर मांडून पाहू. नवापूरची एक बाई धरा: उंची १५५ सेंटिमीटर, वजन ११० किलो. बीएमआय जवळपास ४६. या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६० किलो, म्हणून तिचे जादा वजन ५० किलो. वर्ष-दीड वर्षात तिचे तीस टक्के वजन उतरले, म्हणजे ३३ किलो. काटा ७७ वर आला. आता हेच ३३ किलो जादा ५० किलोंच्या तुलनेत मांडा: ६६ टक्के. जाहिरातीतले ‘सत्तर टक्के’ ते हेच. अभ्यासांच्या भाषेत ही उत्तम शस्त्रक्रिया, कारण जादा वजनाच्या निम्म्याहून अधिक उतरले की ती यशस्वी धरतात. पण त्या बाईचा बीएमआय अजून ३२ आहे. भारतीय तक्त्याप्रमाणे ती अजून लठ्ठच. दहा वर्षांनी चार-पाच किलो परत आले तर ती ८१-८२ वर असेल. तिचा गुडघा बोलायचा थांबलेला असेल, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या असतील, जिना चढताना धाप लागत नसेल, आणि तरीही शेजारीण विचारेल, ‘एवढे ऑपरेशन करून एवढीच बारीक झालीस?’ या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेच्या आधीच घरात सगळ्यांना माहीत असले पाहिजे.

अपेक्षा आणि वास्तव यांतली दरी जगभर आहे. बॉस्टनच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या रांगेतल्या रुग्णांना विचारले, तेव्हा त्यांना सरासरी ३८ टक्के वजन उतरेल असे वाटत होते, आणि २६ टक्क्यांहून कमी उतरले तर आपण निराश होऊ असे त्यांनी सांगितले. मोजलेल्या वास्तवाशी हे पडताळून पाहा. ज्या घटीला ते निराशा म्हणत होते, ती दहा वर्षांनंतरच्या सरासरीच्या अगदी शेजारी आहे. शिकलेल्या, माहितीच्या सागरात राहणाऱ्या शहरातली ही स्थिती. आपल्याकडे माहिती मुख्यतः ‘आधी-नंतर’च्या छायाचित्रांतून येते, आणि ती छायाचित्रे नेहमी सर्वांत चांगल्या निकालाची, बाराव्या ते अठराव्या महिन्यात काढलेली असतात.

मराठी घरांत वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांचे नाव पोचले ते दोन बातम्यांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याविषयी ते उघडपणे बोलले. मोठ्या माणसाने न लाजता सांगितल्याचा फायदा अनेकांना झाला. दुसरी बातमी फेब्रुवारी २०१७ ची. इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानातून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, वजन सुमारे पाचशे किलो. ७ मार्चला त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. बायपास नव्हे, जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करतात ती. शस्त्रक्रियेआधीच्या काही आठवड्यांत शंभरएक किलो उतरल्याचे सांगितले गेले, आणि त्यातला मोठा भाग शरीरात साचलेल्या पाण्याचा होता. पुढे काट्यावरच्या आकड्यावरून रुग्णालय आणि बहिणीत जाहीर वाद झाला. मे महिन्यात इमान अबुधाबीला गेल्या, आणि २५ सप्टेंबर २०१७ ला वारल्या. त्यांचा आजार टोकाचा होता, त्यावरून कोणी घाबरून जाऊ नये: मोठ्या पाहण्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतला मृत्यूचा धोका हजारात दोन-तीनच आहे. पण रोजच्या बातमीत किलोंचा आकडा देण्याची जी सवय तेव्हा लागली, ती अजून गेलेली नाही.

पहिल्या महिन्याचा आकडा फसवा असतो. त्या काळात उतरते त्यात पाणी आणि स्नायूही असतात. बहुतेकांचा काटा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक थांबतो, आठ-दहा दिवस हलत नाही. घरात कुजबुज सुरू होते आणि रुग्ण खाणे आणखी कमी करतो. ही थांबण्याची वेळ जवळजवळ प्रत्येकाला येते, आणि पुढेही दोन-तीनदा येते. सहाव्या महिन्यापर्यंत मूळ वजनाचा सुमारे पाव हिस्सा उतरतो, मग वेग मंदावतो, आणि वर्ष ते दोन वर्षांच्या मध्ये कुठेतरी तळ गाठला जातो. तिथून वर येणारे पाच-सात किलो हा शरीराचा स्वभाव आहे. उतरलेले शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकते. पंधरा-वीस किलो आले तर मात्र तपासणी करायला हवी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, आणि ते बहुतांशी परत येतात. पोटाची, दंडाची लोंबणारी कातडी मात्र आपोआप आवळत नाही. वजन उतरले की कातडी आवळून येईल, असे आधी कोणी सांगितले असेल तर ते चुकीचे सांगितले.

मधुमेहाचे चित्र वजनापेक्षा लवकर पालटते; काही वेळा घरी सोडतानाच इन्सुलिन कमी झालेले असते. पण तेही कायमचे धरू नये. स्वीडनच्या पाहणीत (तिथे सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रिया होत्या) दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही औषधाविना होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. मधुमेह परतला तरी मधली वर्षे वाया जात नाहीत. डोळे, मूत्रपिंड, नसा यांना तेवढी उसंत मिळते. माझ्या मते आपल्या भागात या शस्त्रक्रियेचे खरे माप किलोंपेक्षा हे आहे.

ताटाकडे येऊ. रुग्णाला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि एका वेळी पोटात जाते ते अर्धी वाटी. खानदेशी जेवणात हे अवघड नाही, पण क्रम उलटा करावा लागतो. आधी घोटलेली उडदाची किंवा नवापूरच्या तुरीची डाळ, अंडे, मग जागा उरली तर कळण्याच्या भाकरीचा वरणात कुस्करलेला घास. कोरडी भाकरी पहिले काही महिने अडकते. जेवताना पाणी नाही. ते अर्धा तास आधी किंवा नंतर. नवापूर हा कुक्कुटपालनाचा तालुका, अंडी तिथे मुबलक आणि स्वस्त. शाकाहारी घरात मात्र डाळ, दूध, ताक, शेंगदाणे यांवर नेटाने प्रथिने भरून काढावी लागतात. शेवभाजीची तर्री पातळ आणि फरसाण तोंडात चटकन विरघळणारे, म्हणून दोन्ही सहज उतरतात; वजन परत आणण्यात त्यांचा वाटा मोठा. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस ताटात आला की दोन घासांतच कळते: घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. गोड झपाट्याने आतड्यात उतरल्याने हे होते. ‘सणाला एवढे चालते’ असे म्हणत वाढणारी माणसे प्रेमाने वाढतात, पण त्यांना हे आधी सांगून ठेवावे लागते.

दारूविषयी स्पष्ट बोलायला हवे. बायपासनंतर मद्य लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या त्याच दहा रुग्णालयांच्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढलेले आढळले. मोहाची दारू घरात, लग्नात, होळीत सहज असते त्या भागात हा धोका पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे, आणि तोही रुग्णाची जात किंवा पाडा पाहून न ठरवता. सिगारेट-बिडीने आणि अंगदुखीच्या गोळ्यांनी नव्या जोडावर व्रण होतो. डायक्लोफिनॅकची पट्टी मेडिकलमधून चिठ्ठीविना घेण्याची सवय शेतीच्या कामात सगळ्यांना आहे, आणि ती बायपासच्या रुग्णाने कायमची सोडायची असते.

या जिल्ह्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रक्ताचा आहे. बायपासनंतर लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम कमी पडतात. गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी दरवर्षी. नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला भूल, प्राणवायूची कमतरता आणि शरीरातले पाणी कमी होणे यांपासून धोका असतो, आणि बायपासनंतरच्या पहिल्या आठवड्यांत पाणी कमी पडणे ही सर्वसाधारण अडचण आहे. पुढे हिमोग्लोबिन उतरले तर कारण एकच धरता येत नाही: लोह कमी पडले, की सिकलसेल, की दोन्ही? वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाला डोळे मिटून लोह देणे घातक. म्हणून या भागातल्या प्रत्येक रुग्णाची सिकलसेलची तपासणी शस्त्रक्रियेआधी व्हायलाच हवी, आणि अहवाल फाईलच्या पहिल्या पानावर हवा.

तरुण मुलींच्या बाबतीत घरचे बहुधा लग्नाच्या घाईने येतात. वजन उतरू लागले की थांबलेली पाळी नियमित होते, गर्भ राहण्याची शक्यता वाढते, आणि नेमका त्याच काळात, म्हणजे पहिले बारा ते अठरा महिने, गर्भधारणा टाळायची असते. सासरी हे सांगायला लाजून चालणार नाही; मुलीने एकटीने ते ओझे वाहू नये.

२०२५ मध्ये भारतात दर आठवड्याला टोचून घेण्याची नवी औषधे आली: मार्चमध्ये मौंजारो (टिर्झेपॅटाइड), जूनमध्ये वेगोव्ही (सेमाग्लुटाइड). चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के वजन उतरले. बायपासच्या जवळ ती येत आहेत, पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. बीएमआय ४० च्या पुढच्या माणसासाठी शस्त्रक्रियेची जागा अजून आहे. शस्त्रक्रियेनंतर वजन परतू लागले तर या औषधांचा आधारही मिळू शकतो.

शेवटी अंतराचा प्रश्न. या शस्त्रक्रियेसाठी नंदुरबारकर सुरतला जातो, नाही तर नाशिक, पुणे, मुंबई. सुरत रेल्वेने साधारण दीडशे किलोमीटर, पण मोलगी किंवा धडगावच्या माणसाला आधी नंदुरबार गाठावे लागते, आणि त्यात दिवस जातो. तपासणीची पहिली दोन बोलावणी पाळली जातात, मग ‘बरे वाटतेय’ म्हणून सुटतात. विमा असला तरी अट कडक: विमा नियामकाच्या ठरावीक कलमात बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, असेच धरले आहे. भारतीय शरीराला धोका जिथे सुरू होतो त्याच्या बराच वर हा दरवाजा उघडतो. याज्ञिकांच्या छायाचित्राला वीस वर्षे होऊन गेली, तरी कलम बदललेले नाही.

वार्षिक रक्ततपासणीसाठी मात्र सुरतला जाण्याची गरज नसते. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला ग्रामीण रुग्णालये आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने घरी सोडताना मराठीत एक पानाचे कार्ड द्यावे: कोणता बायपास झाला, आतड्याची किती लांबी वगळली, शस्त्रक्रियेच्या दिवशीचे वजन, सिकलसेलचा अहवाल, कोणत्या गोळ्या जन्मभर, कोणत्या वेदनाशामक कधीच नाहीत, दरवर्षी कोणत्या तपासण्या, आणि पोटात अचानक जोराचे दुखले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा. तळोद्याच्या रात्रपाळीतल्या डॉक्टरने बायपासचा रुग्ण याआधी पाहिलेला असेलच असे नाही. त्याच्या हातात ते कार्ड पडले, तर पुढची दहा वर्षे निम्मी सोपी होतात.